पांढऱ्या रेशनकार्डावर अण्णांची बायपास

३ फेब्रुवारी २०२५ ला माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, बायपास झाली. राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली आणि रेशनकार्ड आमचं पांढरं आहे. तेव्हापासून नात्यातले, शेजारचे, पतसंस्थेत माझ्या काउंटरवर येणारे खातेदार, सगळे एकच विचारतात: "पांढऱ्या कार्डावर मिळतं होय?" मिळतं. कसं मिळालं, कुठं अडलं, पदरचे किती गेले आणि या काळात आमच्या घरात 'सगळ्यांना सरकारी उपचार द्यावेत की नाही' यावर किती तोंडं वाजली, ते सगळं एकदाच लिहून ठेवते. रुग्णालयांची नावं लिहीत नाही.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, २०१७ ला निवृत्त झाले. पेन्शन महिना तीन हजारांच्या जरा वर. मधुमेह जुना. डिसेंबरात जिना चढताना छातीवर कुणी हात दाबून धरल्यासारखं होतंय म्हणायला लागले. गॅस असेल म्हणून आठवडाभर ओवा-सैंधव झालं, मग आईनं ऐकलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि चिठ्ठी देऊन जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. ६ जानेवारीला टू-डी इको झाली, ९ जानेवारीला एका खासगी रुग्णालयात अँजिओग्राफी. तिचे १४,५०० रुपये तिथंच रोख भरले.

डॉक्टरांनी स्क्रीनवर काळ्या-पांढऱ्या चित्रात दाखवलं. तिन्ही रक्तवाहिन्या अडलेल्या आणि डावीकडच्या मुख्य नळीच्या तोंडाशीच अरुंद जागा. मी स्टेंटचं, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीचं विचारलं, कारण २०१७ मध्ये केंद्रानं स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली तेव्हा औषध लावलेला स्टेंट २९,६०० रुपयांवर आला होता, एवढं माझ्या डोक्यात होतं. ते म्हणाले, तीन-चार ठिकाणी अडथळा, त्यात साखर. यांना बायपासच बरी. "आजच्या आज नाही, पण महिना काढू नका. छातीत दुखलं, घाम फुटला, तर कागद बघत बसायचं नाही, थेट घेऊन यायचं." क्लोपिडोग्रेलची, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी कधी थांबवायची ते सर्जन सांगतील, मनानं थांबवू नका, हेही बजावलं. अंदाजे खर्च साडेतीन लाख. योजनेचं विचारल्यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आमच्याकडं पूर्वी होती, आता नाही." डॉक्टरांनी बाहेर आल्यावर कारणही सांगितलं: पॅकेजचे, म्हणजे एकेका उपचाराला योजनेनं ठरवलेले दर परवडत नाहीत आणि केलेल्या कामाचे पैसे यायला महिनोन्‌महिने लागतात. तक्रारीचा सूर नव्हता, हिशेब सांगावा तसं सांगितलं.

त्या रात्री घरी बैठक बसली. मी, आई, धाकटे चुलते तात्या आणि व्हिडिओवर दादा. दादा इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. अण्णा आत झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत होते.

विम्याचा मुद्दा पहिल्या पाच मिनिटांत निकालात निघाला. अण्णा नोकरीतून उतरले तेव्हा मी चौकशी केली होती. मधुमेही माणसाला त्या वयात जो हप्ता सांगितला तो त्यांच्या वर्षभराच्या पेन्शनपेक्षा जास्त होता. वर तेव्हा अठरा टक्के जीएसटी, आणि आधीपासूनच्या आजारांना काही वर्षं थांबायचं. घेतला नाही.

मग मी म्हणाले, फुले योजना आता सगळ्यांना आहे. तात्या सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, आकडे तोंडावर. ते उसळले. "सगळ्यांना म्हणजे कारखान्याच्या चेअरमनलाही? त्याच्या अँजिओग्राफीचे पैसे मी का भरायचे? गरिबाला द्या, माझी ना नाही. पण सरसकट दिलं की तिजोरी रिकामी आणि गरीब रांगेत शेवटी."

दादा म्हणाला, "तात्या, इथं सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांनाच आहे. पाच जुलै एकोणीसशे अठ्ठेचाळीसपासून आहे. तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेनंच कडाडून विरोध केला होता. आज ती बंद करतो म्हणायची हिंमत कुठल्या पक्षात नाही."

"मग तुझ्या बायकोच्या गुडघ्याचं काय झालं?" तात्यांनी पकडलं. वहिनी एमआरआयसाठी कितीतरी महिने थांबल्या होत्या, ते सगळ्यांना माहीत. दादाला मान्य करावं लागलं. अठरा आठवड्यांत उपचार सुरू झाले पाहिजेत हे तिकडचं उद्दिष्ट २०१६ नंतर एकदाही गाठलेलं नाही आणि प्रतीक्षायादीत तेव्हा चौऱ्याहत्तर लाखांच्या आसपास प्रकरणं होती. शिवाय व्हिसावर असलेल्या प्रौढाला दरवर्षी १,०३५ पौंड आरोग्य अधिभार वेगळा. "पण छातीत दुखलं तर कुणी विचारत नाही पैसे आहेत का," तो म्हणाला. "अण्णा इथं असते तर आपण आत्ता रेशनकार्डावर बोलत नसतो."

आतून अण्णांचा आवाज आला, "मी इथं आहे रे. काय ते ठरवा आणि झोपा."

ठरलं ते असं: मी योजनेच्या मागं लागायचं, तात्यांनी साडेतीन लाखांची जुळवाजुळव करून ठेवायची, दोन आठवड्यांत योजनेचं जमलं नाही तर पैसे भरून करायचं.

आता रेशनकार्डाचं थोडं सांगते, कारण सगळी मेख तिथं आहे. १ मे १९९९ पासून राज्यात तीन रंगांची कार्डं आली. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळं, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. अण्णांचा पगार कधीतरी लाखावर गेला आणि आम्ही पांढरे झालो. निवृत्तीनंतर उत्पन्न कोसळलं, पण कार्डाचा रंग तोच राहिला. धान्य घेत नव्हतो, कार्ड कपाटात पडून होतं. लाखाची ती रेघ तिथंच आहे. वर्षाला लाख म्हणजे महिना ८,३३३ रुपये. आज महिना नऊ हजारांवर राबणारा हॉटेलातला पोऱ्या या हिशेबानं श्रीमंत ठरतो. 'गरिबाला द्या, बाकीच्यांना नको' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला हेच विचारायचं असतं की रेघ कुणी मारायची आणि ती दरवर्षी पुढं कोण सरकवणार? पंचवीस वर्षांत कुणी सरकवलेली नाही.

२०१२ मध्ये ही योजना आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला जोतिरावांचं नाव मिळालं. पण लाभ पिवळ्या-केशरी कार्डांना. पांढऱ्यातले फक्त आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतले शेतकरी. आमचा सांगली जिल्हा त्यात नाही. करोनात काही काळ सगळ्यांना दार उघडलं होतं. मग २८ जुलै २०२३ चा शासन निर्णय निघाला: राज्यातली सगळी कुटुंबं, कार्डाचा रंग कुठलाही असो, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. आधी मर्यादा दीड लाख होती. प्रत्यक्षात हे १ जुलै २०२४ पासून लागू झालं. आम्ही गेलो तेव्हा यादीत १,३५६ उपचार होते आणि बायपास त्यात होती. सत्तरीच्या पुढच्यांना केंद्राचं मोफत उपचारांचं वय वंदना कार्ड वेगळं आहे, ऑक्टोबर २०२४ पासून. अण्णा पासष्टचे, म्हणजे त्यात बसत नव्हते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी तहसीलच्या पुरवठा विभागात गेले. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर लागतो. धान्य उचलणाऱ्यांची कार्डं कधीच ऑनलाइन झालीत. पांढरी कार्डं बरीचशी नुसतीच कागदी राहिलीत. माझ्यासारखे पांढरे कार्डवाले तिथं पिशवीत कागद घेऊन उभेच होते. त्यातला एक तर गाडीचा ड्रायव्हर बाहेर ठेवून आलेला. तात्या सोबत असते तर त्यांना आनंद झाला असता.

क्लार्कनं अर्ज घेतला, सगळ्यांची आधारकार्डं घेतली आणि "सर्व्हर बंद आहे" म्हणाला. दुसऱ्या वेळी सर्व्हर चालू होता, पण दादाचं नाव कार्डावर असून त्याचं आधार जोडलेलं नव्हतं. तो परदेशात, नाव कमी करायचं तर वेगळा अर्ज. शेवटी मी विचारलं, त्याचं राहू द्या, बाकीच्यांचं आधी होईल का? होत होतं! हे त्यानं आपणहून सांगितलं नव्हतं. म्हणून तिथं 'काय अडलंय' एवढंच विचारू नका, 'याच्याशिवाय काय होईल' तेही विचारा. २० जानेवारीला नंबर हातात आला. फी काही नाही, झेरॉक्सचे काय ते.

मधल्या दिवसांत आधारचं काम केलं. अण्णांच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला. तो बदलायला तेव्हा ५० रुपये आणि काही दिवस लागले. ओटीपी यायचा नाही, म्हणून आयुष्मान कार्डाचं (सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड) केवायसी अंगठ्यावर करायला गेलो, तर एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलेला तो अंगठा यंत्राला दिसेचना. सेंटरवरच्या पोरानं बोट पुसलं, ओलं केलं, दहाही बोटं फिरवून पाहिली. अण्णा म्हणाले, "माझ्या गाडीतनं लाखभर माणसं गेली असतील, कुणी मला ओळखपत्र मागितलं नाही." शेवटी चेहऱ्यावरून केवायसी झालं. ही सोय आहे हे लक्षात ठेवा. घरात म्हातारं माणूस असेल तर आजार यायची वाट न बघता आजच त्यांच्या आधारला चालू नंबर जोडा आणि रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर काढून ठेवा. आमचे दिवस यातच गेले, आणि प्रत्येक रात्री अण्णा खोकले तरी आई उठून बसायची.

याच काळात तात्यांनी आमदारांच्या कार्यालयातून पत्र आणलं. सगळ्यांना उपचार हक्कानं नकोत म्हणणारा माणूस आपल्या भावासाठी ओळखीनं मागायला गेला, यावर मी काहीतरी खोचक बोलले. ते शांतपणे म्हणाले, "हक्क कागदावर असतो गं. माणूस फोनवर असतो." पत्र मी पिशवीत ठेवलं. वापरावं लागलं नाही, पण फाडलंही नाही.

रुग्णालय निवडताना एक बघा. रुग्णालय योजनेत असलं म्हणजे सगळ्या विभागांना असतंच असं नाही. कुठं फक्त हाडांचं असतं, कुठं फक्त किडनीचं. १५५३८८ या नंबरवर फोन करून 'हृदय शस्त्रक्रिया आहे का' असं नेमकं विचारा. आम्हाला एका ट्रस्टच्या रुग्णालयाचं नाव मिळालं. ट्रस्टच्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, हा वेगळा रस्ताही आहे. पण त्याला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, वार्षिक १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार अशा मर्यादा आहेत. पुन्हा तेच, आधी गरिबी सिद्ध करा. माझा पगार धरला तर तिथं बसलो असतो की नाही, देव जाणे.

२१ जानेवारीला तिथं पोचलो. दारातच योजनेचा काउंटर, आरोग्यमित्राचा. तिशीतला मुलगा, समोर संगणक, वेबकॅमेरा, अंगठ्याचं यंत्र आणि फायलींची चळत. त्यानं नंबर टाकला, स्क्रीन आमच्याकडं वळवली: अण्णांचं नाव, आईचं नाव, माझं नाव, शिल्लक रक्कम पाच लाख. उत्पन्न किती, जमीन किती, गाडी आहे का, काही विचारलं नाही. तुम्ही कोण आहात एवढंच त्याला हवं होतं. आईनं दोनदा विचारलं, "मग पैसे कधी भरायचे?"

सर्जननी तपासलं आणि सांगितलं, खाट सोमवारी मिळेल. २७ ला भरती. तोपर्यंत दात, कॅरोटिड डॉपलर म्हणजे मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, फुप्फुसाची तपासणी. डॉपलर "बाहेरून करून आणा" म्हणून तिथल्या एकानं चिठ्ठी दिली, २,३०० रुपये गेले. दुसरी चिठ्ठी आली तेव्हा मी ती घेऊन आरोग्यमित्राकडं गेले. तो म्हणाला, "ताई, भरती झाल्यावरच्या तपासण्या पॅकेजमध्ये असतात. बाहेरची चिठ्ठी दिली की आधी मला दाखवत जा." ती तपासणी मग आतच झाली. पहिल्या २,३०० चं काही झालं नाही.

२८ ला प्रीऑथ गेलं, म्हणजे पूर्वमंजुरीची मागणी. २९ ला क्वेरी आली: अँजिओग्राफीची सीडी उघडत नाही. पहिल्या रुग्णालयात भावजींना पाठवून नवी कॉपी आणवली. सीडी हातात पडली की तिथल्या तिथं लावून बघा, आणि पेनड्राइव्हवरही घ्या. ३० ला संध्याकाळी मंजुरी आली. आरोग्यमित्रानं वॉर्डात येऊन सांगितलं आणि अण्णांचा खाटेवरचा फोटो काढला. अण्णांनी आधी केस सारखे केले.

आता त्या वॉर्डाविषयी. बारा खाटा, बहुतेक सगळे योजनेतले. शेजारच्या खाटेवर जत तालुक्यातले एक आजोबा, झडपेच्या ऑपरेशनसाठी. सोबत मुलगा, पस्तिशीचा, द्राक्षबागेत मजुरीला जाणारा. रात्री आम्ही दोघं व्हरांड्यात चटया टाकून बसायचो. तिसऱ्या रात्री बोलता बोलता त्यानं विचारलं, "ताई, तुमचं कार्ड कुठलं?"

मी पांढरं म्हटलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "राग मानू नका. पण दोन वर्षांमागं माझ्या चुलत्याचं इथंच झालं, चार दिवसांत नंबर लागला. आता आम्हाला यादीत टाकून दोनदा परत पाठवलं. मी विचारलं का, तर म्हणाले, आता सगळ्यांनाच योजना आहे, गर्दी वाढली. खाटा तेवढ्याच, डॉक्टर तेवढेच. तुम्ही आलात म्हणजे आम्ही मागं सरलो."

मला काय बोलावं कळेना. हेच तात्या म्हणाले होते, पण तात्यांना मी उत्तर दिलं असतं. याला काय देणार? माझ्याकडं निदान तात्यांचे साडेतीन लाख होते, याच्याकडं परतीचं तिकीट. मी म्हटलं, खाटा वाढवायला पाहिजेत. तो हसला. "ते तर पाहिजेतच."

मग त्यानंच थोड्या वेळानं दुसरी गोष्ट सांगितली. "एक मात्र हाय. तुम्ही त्या बाहेरच्या चिठ्ठीचं विचारायला गेलात ना, त्या दिवसापासनं मलापण चिठ्ठी दिली न्हाई. आम्ही विचारलं की 'थांबा' म्हणत्यात. तुमच्यासारखी माणसं वही घेऊन विचारतात, तेव्हा हलत्यात."

सरसकट योजनेच्या बाजूचा आणि विरोधातला, दोन्हींतला सगळ्यात खरा मुद्दा मला त्या चटईवर मिळाला. फक्त गरिबांसाठी ठेवलेल्या रांगेकडं कुणी लक्ष देत नाही, म्हणून बोलणारी, लिहिणारी, तक्रार करणारी माणसं त्याच रांगेत हवीत. आणि खाटा न वाढवता त्यांना रांगेत आणलं, तर ती कोपरानं ढकलून पुढं जाणार, मग त्यांच्या मनात असो वा नसो. मी योजना सगळ्यांना असावी याच बाजूची आहे, अजूनही. पण 'सगळ्यांना कार्ड' दिलं म्हणजे झालं, असं आता कुणी म्हटलं की मला तो जतचा मुलगा आठवतो. स्वातंत्र्याच्या आधी, १९४६ मध्ये आरोग्यसेवेसाठी नेमलेल्या भोर समितीनं सांगून ठेवलंय की पैसे नाहीत म्हणून कुणी पुरेशा उपचारांवाचून राहता कामा नये. त्यांच्या अहवालात कार्डं नव्हती, दवाखाने होते: गावागटाला प्राथमिक केंद्र, वर मोठं रुग्णालय, तिथं पगारी डॉक्टर. ते नीट बांधलं असतं तर आज खासगीला पॅकेजचे दर परवडतात की नाही हा प्रश्न एवढा मोठा झाला नसता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं लिहिलंय. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. तात्यांना मी हा आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, "बघ, मी काय म्हणत होतो, पैसे नाहीत." मी म्हटलं, नाहीत नव्हे, ठेवले नाहीत. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

ऑपरेशन ३ फेब्रुवारीला सोमवारी सकाळी आठला सुरू झालं, दोन वाजता सर्जन बाहेर आले. चार ग्राफ्ट, म्हणजे अडथळ्याला वळसा घालून जोडलेल्या नळ्या. तीन पायाच्या शिरेतून, एक छातीतल्या धमनीतून. रक्तासाठी आम्हाला रक्तदाते आणायला सांगितलं होतं. अण्णांच्या डेपोतले तीन जण आणि माझा एक सहकारी आले. दाते आधीच सांगून ठेवा, आदल्या दिवशी फोन फिरवायला लावू नका. आयसीयूत दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं सोडलं. नळ्या, यंत्रं आणि मधोमध अण्णांचा चेहरा, मेणासारखा. मला बघून त्यांनी दोन बोटं हलवली, डबल बेल दिल्यासारखी.

वॉर्डात आल्यावर खरा त्रास खोकण्याचा. छातीवर उशी घट्ट धरून खोकायचं. तीन गोळ्यांचं ते श्वासाचं यंत्र असतं, श्वास आत ओढून गोळ्या वर न्यायच्या. अण्णांची दोन दिवस एकच गोळी हलायची. फिजिओथेरपिस्ट मुलगी सकाळ-संध्याकाळ यायची आणि कौतुक न करता मोजायची. पायाची जखम छातीपेक्षा जास्त दुखते हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगते. छातीचा पट्टा आणि पायमोजे मिळाले. जेवण रुग्णाला योजनेतच होतं.

११ फेब्रुवारीला घरी सोडलं. पुन्हा अंगठा, पुन्हा लागला नाही, पुन्हा चेहरा. समाधानपत्रावर सही घेतात. ते वाचून सही करा, आणि पैसे भरले नसताना भरल्याचं किंवा भरले असताना न भरल्याचं काही लिहिलंय का बघा. घरी जायच्या प्रवासाचे पैसेही पॅकेजमध्ये धरलेले असतात, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. दहा दिवसांची औषधं मिळाली. बिल शून्य. जतचे आजोबा अजून खाटेवरच होते, त्यांचं ऑपरेशन दोन दिवसांनी ठरलं होतं. झालं आणि चांगलं झालं, असा फोन नंतर आला.

पदरचा हिशेब विचारतात म्हणून: अँजिओग्राफी, आधीच्या इको-ईसीजीसारख्या तपासण्या, तो डॉपलर, आमचं दोघांचं खाणं-राहणं, येण्याजाण्याच्या गाड्या, हे सगळं मिळून तीस-बत्तीस हजार. माझी बिनपगारी रजा वेगळी. साडेतीन लाखांपुढं हे काहीच नाही, आणि तरी अण्णांच्या पेन्शनचे दहा महिने झाले. अँजिओग्राफीसुद्धा योजनेतल्याच रुग्णालयात केली तर पुढच्या पॅकेजमध्ये धरली जाऊ शकते. आधी विचारून घ्या.

आता चालू आहे ते औषधांचं. रक्त पातळ ठेवायची, कोलेस्टेरॉलची, रक्तदाबाची, साखरेची. महिन्याला अठराशे-एकोणीसशे रुपये. ही योजना भरती झालेल्यासाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नाही, आणि गोळ्या तर जन्मभराच्या. देशात आरोग्यावर होणाऱ्या खर्चातला ३९.४ टक्के अजून लोकांच्या खिशातून जातो, असं २०२१-२२ चे सरकारी आकडे सांगतात. आमच्या घरात तो असा जातो, पाकिटा-पाकिटानं. जनऔषधी केंद्रात घ्यायला लागल्यापासून सातशेच्या आसपास बसतं. एक गोळी तिथं कधी असते कधी नसते. डॉक्टरांना चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं नाव लिहून मागा, त्याशिवाय केंद्रवाला देत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत काही पैसे घेत नाहीत, म्हणून साखर आणि रक्तदाब आम्ही तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातच बघतो. तिथं साखरेच्या गोळ्याही मिळतात. सकाळी नऊच्या आत गेलं तर अकराला बाहेर पडता येतं.

तात्या परवा विचारत होते, बारा अंकी नंबर काढायला कुठली खिडकी.